जॅझचे बॉक्स सेट: घ्यावेत, की सुट्या रेकॉर्डीच बऱ्या?

अंत्रुजकर

नमस्कार मंडळी. मी फोंड्याचा. घरात नाट्यसंगीत आणि भजन, त्यामुळे जॅझ हा घरच्यांच्या मते माझा एकट्याचा आजार. मित्रांकडून भरून घेतलेल्या कॅसेटींवर सुरुवात झाली, मग सीड्या, मग एमपीथ्री, आता स्ट्रीमिंग. हल्ली चार पैसे हाताशी आहेत, तेव्हा संग्रह नीट करावा म्हणतो. सीडी प्लेअर आहे, टर्नटेबल आहे, कपाटात जागा मात्र बेताची.

'कम्प्लीट' नावाचे जाडजूड बॉक्स बघतो आणि हात मागे घेतो. माइल्स डेव्हिसचा 'प्लग्ड निकल' आठ सीड्यांचा. कोल्ट्रेनचा न्यूयॉर्कच्या क्लबातला १९६१ चा 'व्हिलेज व्हॅनगार्ड' चार सीड्यांचा. ड्यूक एलिंग्टनच्या जन्मशताब्दीला आरसीए कंपनीने काढलेला तर चोवीस सीड्यांचा! एकेका चिजेचे तीन-तीन टेक, मध्येच अर्धवट सोडलेले, कुणीतरी खोकतोय. हे खरंच कुणी बसून ऐकतं का? माझं आजचं मत असं की बॉक्स सेट ही जमवणाऱ्याची हौस, ऐकणाऱ्याची गरज नव्हे. मत बदलायला तयार आहे, पण कारणं द्या.

आणि दुसरं, आपल्याकडच्या पावसात हे सगळं टिकवायचं कसं?

चिमटा

रुमाल टाकून ठेवतो. इथे मारामारी होणार.

सुई_आणि_खोबण

अंत्रुजकर बाब, तुम्ही चुकीच्या टोकाने सुरुवात केलीत. चोवीस सीड्यांचं सोडा, तीन सीड्यांचा घ्या. पियानोवाला बिल एव्हान्स आणि त्याचं त्रिकूट, व्हिलेज व्हॅनगार्ड, २५ जून १९६१. रविवार होता. दुपारी दोन आणि रात्री तीन अशा पाच बैठका झाल्या. त्यातून निवडून दोन एलपी निघाल्या आणि दोन्ही गाजल्या. पण त्या एलपींवर क्रम बदललेला. पहिल्या एलपीत तर मुद्दाम बेसवादक स्कॉट लाफॅरोला पुढे आणणाऱ्या चिजा निवडल्या, कारण त्या रविवारनंतर अकराव्या दिवशी तो मोटार अपघातात गेला. पंचवीस वर्षांचा होता.

पूर्ण सेट २००५ मध्ये आला, त्यात तो दिवस जसा घडला तसा आहे. पहिल्याच चिजेत वीज जाते आणि रेकॉर्डिंग मध्येच तुटतं, तेही ठेवलंय. (हा अनुभव गोंयकाराला नवा नाही.) दुपारी वाजवलेली चीज रात्री परत येते तेव्हा तिघांनी तिला वेगळ्या अंगाने धरलेलं असतं. लोक ग्लास वाजवतायत, गप्पा मारतायत, निम्म्यांचं लक्षच नाही. उद्या कुणी मैफलीतल्या फक्त द्रुत बंदिशी कापून रेकॉर्ड काढली तर तुम्ही नाट्यसंगीतवालेच आधी ओरडाल.

पणजीकर_जुना

वरच्या प्रतिसादाशी अर्धा सहमत. मैफल पूर्ण हवी, कबूल. पण स्टुडिओतल्या कामाला हा न्याय लावू नका. एलपीच्या दोन बाजू असतात, प्रत्येकीची सुरुवात आणि शेवट कुणीतरी विचार करून ठरवलेला असतो. बॉक्सवाले काय करतात? तारखेप्रमाणे लावतात. मग एकच चीज लागोपाठ चार वेळा, त्यातल्या दोनदा ट्रम्पेटवाला चुकला म्हणून थांबले. हे विद्यार्थ्याने ऐकावं. रात्री जेवण झाल्यावर एक पेग घेऊन ऐकायची ही गोष्ट नव्हे.

माइल्सची 'काइंड ऑफ ब्लू' घ्या. २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९, कोलंबियाचा थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओ, दोन बैठकांत काम संपलं. पाच चिजा. पूर्ण वाजवलेला दुसरा टेक फक्त एकाच चिजेचा, 'फ्लेमेंको स्केचेस'चा. पन्नाशीला त्याचा जो भलामोठा बॉक्स काढला त्यात निळी एलपी, पुस्तक, फोटो आणि काय काय. त्या दोन बैठकांतलं पूर्ण संगीत मात्र तेवढंच!

त्या रेकॉर्डची एक गंमत मात्र खरी आहे. पहिल्या बैठकीत टेपमशीन किंचित हळू चालत होतं, त्यामुळे वाजवताना पहिल्या बाजूच्या तिन्ही चिजा किंचित जलद आणि चढ्या सुरात येतात. दुसऱ्या मशीनवर भरून ठेवलेली जादा टेप वापरून हे दुरुस्त केलं ते १९९२ मध्ये. बाजूला पियानो घेऊन वाजवायला बसलेल्यांनी तोवर किती डोकं आपटलं असेल!

बार्देशी_पाव

म्हणजे तेहतीस वर्षं अख्ख्या जगाने चढ्या सुरात ऐकलं, वर त्याला सर्वश्रेष्ठ म्हटलं, आणि आमच्या वाड्यावरच्या भजनी मंडळाच्या पेटीला तेवढी नावं ठेवता होय?

टिकलीपुरता

स्ट्रीमिंगवर सगळं आहे की. कपाट कशाला अडवायचं?

सुई_आणि_खोबण

@टिकलीपुरता: स्ट्रीमिंगवर ड्रम कोण वाजवतंय ते सांगा बघू. जॅझमध्ये तेच तर महत्त्वाचं. 'काइंड ऑफ ब्लू'मध्ये एका चिजेवर पियानोला बिल एव्हान्स नाही, विंटन केली आहे. हे माहीत असलं की कान वेगळा लागतो. फोनवर चौकोनी चित्र दिसतं आणि त्याखाली 'माइल्स डेव्हिस', संपलं.

चांगल्या बॉक्सचे निम्मे पैसे मी पुस्तिकेसाठी देतो. अमेरिकेत कनेक्टिकटच्या मोझेक कंपनीचे बघा. मायकल कस्कुना आणि चार्ली लॉरी या दोघांनी सुरू केली, १९८३ मध्ये पहिला बॉक्स आला तो थेलोनियस मंकच्या ब्ल्यू नोट या कंपनीवरच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांचा. मूळ कंपनीकडून ठरावीक प्रतींपुरते हक्क घ्यायचे, प्रत्येक प्रतीवर क्रमांक, विक्री टपालाने, आणि संपला की संपला. आत एलपीच्या आकाराची पुस्तिका: कुठल्या तारखेला, कुठल्या स्टुडिओत, कोण कोण होतं, कुठला टेक आधी छापला आणि कुठला पडून राहिला. कस्कुना २०२४ मध्ये गेला. ब्ल्यू नोटच्या कपाटातल्या, कधीच न छापलेल्या किती टेपा त्याने उजेडात आणल्या याची मोजदाद करायची तर वेगळा धागा लागेल.

अनवट

काढा तो धागा. पण आधी मोझेकच्या बॉक्सला पोस्टेज आणि कस्टम धरून काय पडतं ते पण सांगा लोकांना. मी एकदा मागवला होता. बॉक्सची किंमत ऐकून बायको गप्प राहिली, कस्टमची पावती बघून मी गप्प राहिलो. शिवाय कुरियरवाल्याने तो पावसात फाटकाच्या आत भिरकावून दिला होता. नाव घेत नाही, सगळे तसेच.

डिचोलीचा_डॉक

टिकवण्याच्या प्रश्नाकडे कुणी बघेना म्हणून लिहितो. आमच्याकडे वडिलांच्या एलपी आहेत आणि तिन्हीसांजेला भिंतीला हात लावला की ओला होतो, असं घर आहे. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. तेव्हा:

बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला टेकवून कपाट ठेवू नका, मधल्या भिंतीला ठेवा, मागे वीतभर जागा सोडा. रेकॉर्डी उभ्याच. आडव्या रचल्या की खालच्या वाकतात.

बुरशी आधी कव्हरवर येते, मग आतल्या कागदी पाकिटावर, शेवटी खाचांत. त्यामुळे कागदी पाकिटं काढून पॉलिथिनचं अस्तर असलेली घाला. डांबराच्या गोळ्या मुळीच नकोत, त्या वाफेने काही जातीचं प्लास्टिक खराब होतं. सिलिका जेल चालतं, पण तेही ओलं होतं हे लोक विसरतात. पावसाळ्यात मधून मधून ओव्हनमध्ये तापवून परत ठेवायचं. ज्याला परवडतं त्याने दमट हवा शोषणारं मशीन लावावं. आमच्याकडे जुलैत एका रात्रीत त्याची टाकी भरते.

आणि बॉक्स सेटवाल्यांनी खास लक्ष द्या. जुन्या सीडी बॉक्समध्ये फोमचा तुकडा घालत. तो वर्षांनी चिकट होऊन विरघळतो आणि सीडीला चिकटून वरचा थर खातो. उघडा, काढा, फेका. दुसरं म्हणजे ती गुळगुळीत कागदाची पुस्तिका, जिच्यासाठी सुई_आणि_खोबण निम्मे पैसे देतात. ओल लागली की पानं एकमेकांना अशी चिकटतात की सोडवताना छपाई निघून येते. ती बॉक्समध्ये ठेवूच नका, पुस्तकांबरोबर ठेवा.

सुई_आणि_खोबण

डॉक, पुस्तिकेचं वाचून आत्ता उठून कपाट उघडलं. आमची अजून सुटी आहेत सगळी पानं. पुस्तकांच्या कपाटात हलवली.

तारवटी_निवृत्त

वाचत होतो, लिहावंसं वाटलं. मराठी लिहिणं माझं कच्चं, शाळेपुरतं. सांभाळून घ्या.

मी बोटीवर होतो. आमच्या वेळच्या तारवटी लोकांच्या घरांत दोन वस्तू असणारच: रेडिओग्राम आणि परदेशी रेकॉर्डी. रॉटरडॅम, न्यूयॉर्क, योकोहामा. सुट्टी मिळाली की कुणी दारूच्या दुकानात, कुणी कापडाच्या, आणि आमच्यातले दोघेतिघे रेकॉर्डीच्या. जपानी रेकॉर्डी सगळ्यांत स्वच्छ वाजायच्या. कव्हरला कागदाची उभी पट्टी असायची, जपानी अक्षरांची. आम्ही ती फाडून टाकायचो. आता म्हणे त्या पट्टीचेच पैसे मोजतात लोक.

ऐकायला शिकलो कुठे? शॉर्टवेव्हवर. व्हॉइस ऑफ अमेरिकाचा जॅझचा कार्यक्रम, विलिस कोनोवर. सुरुवातीला एलिंग्टनचं 'टेक द ए ट्रेन' आणि मग तो जाड, हळू आवाज. इंग्रजी समजायला सोपं पडावं म्हणून मुद्दाम सावकाश बोलायचा. खरखर इतकी की सॅक्सोफोन समुद्रातून आल्यासारखा. तरी ऐकायचो.

तेव्हा अंत्रुजकर बाब, बॉक्स घ्या की सुटी घ्या, ते तुमचं तुम्ही बघा. पण सासष्टीत किती तरी घरं बंद आहेत. पोरं लिस्बनला, टोरँटोला. आत रेडिओग्राम, खाली रेकॉर्डी, त्यांना वाळवी लागलेली.

सासष्टीची_सून

तारवटी बाब, देव बरें करूं. मला नेमकं हेच म्हणायचं होतं.

इथे सगळे कनेक्टिकटहून बॉक्स मागवायच्या गोष्टी करतायत. हळदोण्याचा आंतोनियो शावियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट, ज्याला लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे, त्याच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांचा बॉक्स कुठे आहे? कुडचड्याचा फ्रँक फर्नांड? माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस? शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांचं वाद्यवृंद-संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा? नेवऱ्याचे ब्राझ गोन्साल्विस आणि त्यांचा सॅक्सोफोन? यातली बरीच माणसं रात्री हॉटेलात जॅझ वाजवायची आणि दिवसा फिल्मी स्टुडिओत. रेकॉर्डच्या लेबलवर गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव, आणि ट्रम्पेट वाजवणारा कुठेच नाही. वर कुणीतरी ड्रमरचं नाव दिसत नाही म्हणून स्ट्रीमिंगला शिव्या घातल्या. आपल्याकडे तर नाव मुळात छापलंच नव्हतं!

माझ्या सासरच्या घरात ७८ च्या रेकॉर्डी निघाल्या तेव्हा पहिल्यांदा कळलं की मुंबईच्या बँडांनी १९३०-४० च्या दशकांत चक्क जॅझ म्हणून तबकड्या काढल्या होत्या, नुसतं फिल्मी नव्हे. आधी तुमच्या शेजाऱ्याच्या माडीवर बघा, मग अमेरिकेला पैसे पाठवा.

अनवट

+१. अवांतर: 'अलबेला' (१९५१) परत बघा. सी. रामचंद्रांचं संगीत, भगवानदादा नाचतायत आणि मागे पडद्यावर झुळझुळीत शर्टांत चिक चॉकलेट आणि त्याचा बँड. नगर जिल्ह्यातला मराठी संगीतकार, दादरचा मराठी नट, हळदोण्याचा ट्रम्पेट. ते गाणं लागलं की आमच्या घरी अजून आजीसकट सगळे हलतात.

पणजीकर_जुना

भावना समजतात, पण शब्द जपून वापरू. हॉटेलातला नाचाचा बँड म्हणजे जॅझ नव्हे. छापील नोटेशन समोर ठेवून फॉक्सट्रॉट वाजवायचे, त्यात उपज, म्हणजे वाजवता वाजवता सुचलेलं, किती? मी १९७८ ला मुंबईत रंगभवनात पहिल्या जॅझ यात्रेला होतो. सनी रोलिन्स ऐकला. एक माणूस एका मुखड्यातून काय काय काढतो हे त्या रात्री कळलं. ती वेगळी चीज. गावचा म्हणून मोठा, असं नको.

सासष्टीची_सून

काका, एलिंग्टन १९२७ पासून कॉटन क्लबमध्ये काय करत होता? नाचगाण्याच्या शोला साथ. काउंट बेसीच्या बँडपुढे लोक खुर्च्यांवर हाताची घडी घालून बसायचे का? नाचायचेच. तुमच्या चोवीस सीड्यांच्या बॉक्समधला निम्मा माल नाचाचा आहे.

नोटेशनबद्दल म्हणाल तर तेच त्यांचं भांडवल होतं. गावच्या इगर्जीच्या (चर्चच्या) शाळेत मेस्त, म्हणजे संगीतमास्तर, पोरांना सोल्फेज (स्वरवाचन) शिकवायचा, व्हायोलिन हातात द्यायचा. कानाने वाजवणारे मुंबईत पुष्कळ होते. समोर टाकलेला कागद पहिल्या नजरेत वाचणारे हवे असत आणि ते गोव्यातून येत. त्यातल्या काहींनी अमेरिकन रेकॉर्डी ऐकून ऐकून उपज स्वतः शिकून घेतली. मुंबईच्या ताजमध्ये १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा काळ्या अमेरिकन वादकांचा बँड आला, पुढे टेडी वेदरफोर्डसारखे पियानोवाले इथे राहिले, कलकत्त्यातच वारले. त्यांच्या शेजारी बसून आपली माणसं वाजवत होती. हे मी गावप्रेमाने नाही सांगत.

पणजीकर_जुना

बेसीचा मुद्दा मान्य. फॉक्सट्रॉटचा नाही.

चिमटा

अर्धा मान्य! या धाग्यावर ही मोठीच गोष्ट झाली.

घुमट_वादक

सगळ्यांत भारी बॉक्स सेट कुणी सांगितलाच नाही. १९७७ मध्ये दोन व्हॉयेजर यानांवर पाठवलेली सोन्याच्या मुलाम्याची तांब्याची तबकडी. मिनिटाला १६ आणि दोन तृतीयांश फेरे, सोबत सुई आणि काडतूसही (सुई बसवायचं कार्ट्रिज) दिलंय, कसं वाजवायचं त्याचं चित्रही. तिच्यावर जॅझच्या वतीने लुई आर्मस्ट्राँगचं 'मेलँकली ब्ल्यूज' आणि हिंदुस्थानी संगीताच्या वतीने आमच्या केरीच्या केसरबाई, 'जात कहां हो'. अंत्रुज महालातली (फोंड्याकडची) बाई आणि न्यू ऑर्लिन्सचा ट्रम्पेटवाला एकाच तबकडीवर. केसरबाई त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेल्या, यानं निघाल्यावर लगेचच.

दमट हवा नाही, कस्टम नाही. आणि टेक एकेकच.

अंत्रुजकर

घुमटबाब, केरी आमच्यापासून जवळच. केसरबाईंचं माहीत होतं, पण त्याच तबकडीवर आर्मस्ट्राँग आहे हे आजवर लक्षात आलं नव्हतं. घरच्यांना आता सांगायला झालं.

यावरून आठवलं: त्या काळच्या आर्मस्ट्राँगचं काय घ्यावं? हॉट फाइव्ह, हॉट सेव्हन या त्याच्या बँडांचं. स्ट्रीमिंगवर दहा जातींची मिळतात आणि प्रत्येकीचा आवाज वेगळा.

सुई_आणि_खोबण

इथे बॉक्सच घ्या, आणि स्वस्तातला. १९२५ ते १९२८ च्या त्या चिजा मुळात ७८ वर आल्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. म्हणजे 'मूळ एलपीचा क्रम' वगैरे पणजीकरकाकांचा आक्षेप इथे लागूच होत नाही, एलपीच नव्हती! एलपी आली १९४८ मध्ये. तारखेप्रमाणे ऐकलं तर तीन वर्षांत हा माणूस बँडमधून उठून एकटा पुढे कसा आला ते कानाला कळतं. तीन मिनिटांची सक्ती आपल्याकडेही होतीच. जुन्या खाँसाहेबांच्या रेकॉर्डींत ख्याल कसा मुठीत बसवलाय ते आठवा.

जेएसपी या इंग्रजी कंपनीचा चार सीड्यांचा सेट बघा. जॉन आर. टी. डेव्हिस या गृहस्थाने चांगल्या प्रतीच्या तबकड्या गोळा करून आवाज साफ केला. खरखर सगळी काढली नाही, कारण ती काढताना कॉर्नेटची धारही जाते. मोठ्या कंपनीच्या महागड्या सेटपेक्षा मला हाच पसंत आहे.

बार्देशी_पाव

आणि ब्ल्यू नोटच्या मूळ प्रेसिंगांचं काय? माझा एक मित्र रेकॉर्ड हातात घेतली की गाणं न ऐकता दिव्याखाली तिरकी धरून मधल्या कोऱ्या भागात कान शोधत बसतो.

सुई_आणि_खोबण

खरंय, कानच म्हणतात. प्लास्टिलाइट कारखान्याची 'पी' अक्षराची खूण, कानासारखी दिसते. साठच्या दशकाच्या मध्यावर ब्ल्यू नोट लिबर्टी कंपनीला विकली गेली आणि ती खूण बंद झाली. शेजारी रूडी व्हॅन गेल्डरचा शिक्का असतो. हा माणूस दिवसा चष्म्याचे नंबर काढायचा आणि रात्री आईवडिलांच्या हॅकेनसॅकच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. १९५९ मध्ये एंगलवुड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला. आपण ज्याला 'ब्ल्यू नोटचा आवाज' म्हणतो तो बऱ्याच अंशी त्या दिवाणखान्याचा आहे.

पण कान असलेल्या प्रतीला जी किंमत मागतात तेवढ्यात चार बॉक्स येतात. आपल्यासारख्यांनी नवीन प्रेसिंग घ्यावं, नाहीतर सीडी. कानाला हात लावून सांगतो.

कायद्याचं_बोला

सासष्टीची_सून यांच्यासाठी एक उपयोगी माहिती. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं. म्हणजे १९३०-४० च्या दशकांतल्या मुंबईच्या तबकड्यांवरचा ध्वनिमुद्रणाचा हक्क केव्हाच संपला. पण रचनेचा हक्क वेगळा असतो, रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. मडगावच्या बोर्ड्याचा संगीतकार क्रिस पेरी २००२ मध्ये गेला, तेव्हा त्याच्या रचना २०६२ अखेरपर्यंत हक्कात आहेत. घरी डिजिटल करून जपा, पण गायिका लॉर्ना आणि पेरीची गाणी नेटवर चढवायची असतील तर आधी विचारून घ्या.

सासष्टीची_सून

हे छान सांगितलंत, वाचनखूण साठवली.

अंत्रुजकर

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. माझा निर्णय सांगतो, टोमणे मारायला मोकळीक.

बिल एव्हान्सचा तीन सीड्यांचा सेट घेणार. मैफल पूर्ण असावी हे पटलं. आर्मस्ट्राँगचा जेएसपीही. 'काइंड ऑफ ब्लू' मात्र साधी एकच एलपी, दुरुस्त सुरातली. एलिंग्टनचा चोवीस सीड्यांचा बॉक्स नाही, त्यातून निवडून घेईन. स्टुडिओतले अर्धवट टेक ऐकण्याची हौस अजूनही पटलेली नाही. 'प्लग्ड निकल'ही राहू दे.

आणि कुठ्ठाळीला आमच्या एका ओळखीच्यांचं जुनं घर आहे, त्यांच्या माडीवर एक पेटी ७८ च्या रेकॉर्डींची आहे असं कालच फोनवर कळलं. त्यांना नको आहेत. माझं टर्नटेबल ३३ आणि ४५ चंच आहे. या वाजवायच्या कशा?

पणजीकर_जुना

'प्लग्ड निकल' सोडू नका. बॉक्सविरुद्ध इतकं बोललो, पण तो अपवाद. शिकागो, २२ आणि २३ डिसेंबर १९६५, सात बैठका. तेच जुने ठरलेले तुकडे रोज वाजवून माइल्सची पोरं कंटाळली होती. हर्बी हॅनकॉकने पुढे सांगितलंय की जिथे जे अपेक्षित असेल तिथे त्याच्या उलट करायचं असं त्यांनी ठरवलं होतं, आणि माइल्सला आधी सांगितलं नव्हतं. एकच चीज दोन रात्रींत वेगवेगळी मोडून ठेवलेली आहे. तिथे एकच टेक ऐकून काही कळत नाही, लागोपाठच ऐकावं लागतं. रोज एक बैठक, आठवड्यात संपतो. माझ्याकडे आहे, पणजीला याल तेव्हा घेऊन जा.

अंत्रुजकर

काका, येतो. पाऊस जरा उघडू दे.

सुई_आणि_खोबण

७८ साठी: टर्नटेबलला ७८ चा वेग हवा, आणि सुई वेगळी. एलपीची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घसरत जाते, नुसती खरखर ऐकू येते. ७८ ची सुई जवळजवळ तिप्पट रुंद टोकाची असते. बऱ्याच काडतुसांना ती निराळी मिळते, फक्त टोकच बदलायचं. मोनोवर ऐका, खरखर कमी होते. चावीच्या फोनोवर लावण्याचा मोह होईल, पण त्याची पोलादी सुई आणि जड डोकं प्रत्येक वेळी खाच थोडी खरवडतंच. एकदोन फुटक्या त्यासाठी ठेवा.

डिचोलीचा_डॉक

आणि धुताना स्पिरिट, आयसोप्रोपिल, सॅनिटायझर काहीही लावू नका! एलपीला पाण्यात थोडं चालतं, ७८ ला नाही. त्या लाखेच्या असतात (लाख बहुतेक आपल्याच देशातली) आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, लेबल ओलं करायचं नाही, लगेच टिपून घ्यायचं.

सासष्टीची_सून

धुण्याच्याही आधी एक काम करा. पेटी घरी आणताना रेकॉर्डी उभ्या ठेवा, मध्ये वर्तमानपत्र भरा, स्कूटरवरून आणू नका. मग प्रत्येकीच्या दोन्ही लेबलांचा फोटो काढा, आणि लेबलाच्या कडेला लाखेत कोरलेला आकडा असतो तोही उतरवून घ्या. लेबलावर बँडचं नाव मोघम असलं तरी त्या आकड्यावरून साल आणि रेकॉर्डिंगची जागा शोधता येते. फोटो व्यनित (खाजगी निरोपात) नको, इथेच टाका. तारवटी बाबना कदाचित एखादं नाव ओळखू येईल.

तारवटी_निवृत्त

टाका, बघतो. मोठे करून टाका, चष्म्याचा नंबर वाढलाय.